बाप्तिस्म्याचा दाखला आणि फुटबॉलचे मैदान

गेल्या नाताळच्या सुटीत नाशिक जिल्ह्यातल्या एका धर्मग्रामाने फुटबॉलची स्पर्धा भरवली होती. पत्रक देखणे होते. वर चषकाचे चित्र, त्याखाली आश्रयदात्या संताचे नाव, त्याखाली बक्षिसांची यादी आणि अगदी तळाशी बारीक टाइपात नियम. शेवटचा नियम असा होता की, संघातील प्रत्येक खेळाडू कॅथलिक असला पाहिजे आणि त्याने बाप्तिस्म्याचा दाखला बरोबर आणला पाहिजे. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या मुलांनी पत्रक वाचले ते बक्षिसांच्या यादीपर्यंतच. मुलांचे डोळे तळाच्या ओळीपर्यंत जात नाहीत. ते काम आम्हा वडीलधाऱ्यांचे होते आणि ते मीही केले नाही, ही माझी चूक मी आरंभीच मान्य करतो.

आमच्या संघात अकरा खेळाडू आणि तीन राखीव. त्यांपैकी कॅथलिक चौघे. उरलेल्यांत कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आहे, मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा आहे, आणि गोलरक्षक हा महामार्गावरच्या एका मुसलमान मेस्त्रीचा मुलगा आहे. एसटीने दोन गाड्या बदलून आम्ही तेथे पोहोचलो. आयोजकांनी आमचे स्वागत केले, चहा दिला, जेवून जाण्याचा आग्रहही केला. मैदानावर मात्र उतरू दिले नाही. तेव्हा आमचा गोलरक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘काका, आम्ही बसतो ना बाहेर. या चौघांना दुसऱ्या कुठल्या संघात घेत असतील तर खेळू द्या त्यांना.’’

त्या चौघांपैकी एकही खेळला नाही. सारे जण एकाच गाडीने परत आले. ख्रिस्ती शिकवणीच्या वर्गात शेजारप्रीतीचा जो धडा आम्ही वर्षानुवर्षे पाठ करून घेतो, तो त्या दिवशी चौदा मुलांनी आम्हाला तोंडी न म्हणता शिकवला.

हा लेख त्या धर्मग्रामाविरुद्ध नाही. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण असे नियम मी इतरत्रही पाहिले आहेत आणि ते करणारी माणसे वाईट नसतात. नियमाचे समर्थन करताना आयोजकांपैकी एका सुशिक्षित गृहस्थांनी मला एक उदाहरण दिले. ते म्हणाले, ‘‘अमेरिकेतले नोटर डेम विद्यापीठ पाहा. कॅथलिकांनी आपला संघ उभारला म्हणून तर जगात नाव झाले. आपणही आपले स्वतःचे काही उभारायला नको का?’’ उदाहरण ऐकून मी गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते उदाहरण मला स्वस्थ बसू देईना. कारण नोटर डेमची कथा मला ठाऊक होती आणि ती नेमके उलटेच सांगते. म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

इंडियाना राज्यातले हे विद्यापीठ पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापन केले. अमेरिकेत त्या काळी कॅथलिक माणूस उपरा समजला जाई. आयर्लंडहून, जर्मनीहून, पोलंडहून पोटासाठी आलेली ही माणसे. त्यांची निष्ठा अमेरिकेशी की रोमशी, असा प्रश्न त्यांना उघडपणे विचारला जाई. त्यांच्या विद्यापीठाकडेही त्याच नजरेने पाहिले जाई. मध्य-पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांनी खेळासाठी जो संघटित गट बांधला होता, त्यात नोटर डेमला प्रवेश मिळाला नाही. १९०९ साली नोटर डेमने बलाढ्य मिशिगनचा ११–३ असा पराभव केला. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या पात्रतेचा वाद निघून मिशिगनने ठरलेला सामना रद्द केला आणि त्यानंतर या दोन विद्यापीठांची गाठ थेट १९४२ साली पडली. वरकरणी कारण पात्रतेचे होते. त्यामागे धर्माचाही आकस होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

येथे एक खुलासा करायला हवा. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, प्रतिपक्षाला रेटत पुढे जाण्याचा तो खेळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो इतका रानटी झाला होता की, एकट्या १९०५ च्या हंगामात डझनाहून अधिक तरुण मैदानावर प्राणांस मुकले आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कान उघाडणी करावी लागली. त्यातूनच १९०६ साली नवे नियम आले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. त्या नियमाखालची पहिली फेक केली तीही सेंट लुइस या येशूसंघीय विद्यापीठाच्या खेळाडूने. बड्या विद्यापीठांना मात्र ही युक्ती दुबळ्यांची वाटली. ती त्यांनी फारशी वापरली नाही.

आता १९१३ सालच्या हंगामाकडे येऊ. जेसी हार्पर नावाचे नवे प्रशिक्षक नोटर डेमला आले. शेजारची मोठी विद्यापीठे खेळायला तयार नव्हती. अशा वेळी ते काय करू शकले असते? कॅथलिक महाविद्यालये तेव्हा अमेरिकेत पुष्कळ होती. त्यांचीच एक बंदिस्त स्पर्धा भरवून, दरवर्षी आपणच आपल्याला चषक देऊन ते समाधान मानू शकले असते. हार्पर यांनी तसे केले नाही. ते टेबलाशी बसले आणि त्यांनी देशभर पत्रे लिहिली: आम्ही तुमच्याकडे येऊन खेळायला तयार आहोत. अशाच एका पत्राला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीकडून होकार आला.

त्या हंगामात नोटर डेमने सात सामने खेळले. ओहायो नॉर्दर्नला ८७–०, साउथ डकोटाला २०–७, अल्माला ६२–०, वेस्ट पॉइंटला ३५–१३, पेन स्टेटला १४–७, सेंट लुइसच्या ख्रिश्चन ब्रदर्स महाविद्यालयाला २०–७ आणि टेक्सासला ३०–७ असे हरवून ते अजिंक्य राहिले. एकूण २६८ गुण मिळवले आणि फक्त ४१ दिले. हे आकडे मी कौतुकासाठी देत नाही. प्रतिस्पर्ध्यांची नावे पाहावीत म्हणून देतो. ओहायो नॉर्दर्न हे मेथॉडिस्ट पंथाशी निगडित, अल्मा हे प्रेस्बिटेरियनांचे, तिघे सरकारी विद्यापीठांचे, एक सैन्याचे. सातांपैकी कॅथलिक प्रतिस्पर्धी एकच. आणि पहिले तीन सामने घरच्या मैदानावर झाल्यावर उरलेले चारही परक्या मैदानावर, दूरचा रेल्वेप्रवास करून खेळलेले.

वेस्ट पॉइंटचा सामना १ नोव्हेंबर १९१३ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी झाला. इंडियानाहून आलेल्या या पोरांची कुणी फारशी दखल घेतली नव्हती. मध्यंतराला नोटर डेम १४–१३ असे निसटते पुढे होते. उत्तरार्धात त्यांनी प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. गस डोराइस याने सामनाभर केलेल्या लांबलचक फेकींपैकी बहुतेक अचूक गेल्या आणि त्या झेलणाऱ्यांत अग्रभागी होता न्यूट रॉक्नी. या दोघांनी त्या उन्हाळ्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट येथे सुटीत नोकरी केली होती आणि मोकळ्या वेळात वाळूवर फेकण्या-झेलण्याचा सराव केला होता. बड्यांनी कमी लेखलेली युक्ती दोन गरीब विद्यार्थ्यांनी घाम गाळून आत्मसात केली आणि एका दुपारी साऱ्या देशाला दाखवून दिली.

वाचकहो, कथेचा खरा मुद्दा यापुढे आहे. हा न्यूट रॉक्नी कोण? तो नॉर्वेत जन्मला, लहानपणी शिकागोला आला, टपाल कचेरीत नोकरी करून त्याने पैसे साठवले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी नोटर डेममध्ये दाखल झाला. १९१३ साली तो या संघाचा कर्णधार होता. आणि तो कॅथलिक नव्हता. तो लुथरन होता. त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली ती १९२५ साली, म्हणजे त्या सामन्यानंतर बारा वर्षांनी, स्वेच्छेने.

आमच्याकडच्या पत्रकातला शेवटचा नियम नोटर डेमने लावला असता, तर त्याचा स्वतःचा कर्णधार बाकावर बसला असता. ज्या ‘कॅथलिक संघा’चा दाखला देऊन आपण दाराला कडी घालतो, तो संघ दार उघडे होते म्हणूनच उभा राहिला. त्या धर्मगुरूंनी एका लुथरन मुलाला दाखला विचारला नाही. त्याला शिकवले, खेळवले, कर्णधार केले. आणि स्वतःवर बहिष्कार पडला असतानाही त्यांनी दुसऱ्यावर बहिष्कार घातला नाही. अपमानाचा सूड अपमानाने न घेण्याची शिकवण आपण दर रविवारी ऐकतो. तेथे ती मैदानावर आचरली गेली.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेची कथा. आपल्या देशात जातीधर्माचे वास्तव निराळे आहे. मग आपल्याच मुंबईकडे पाहू. धर्मवार संघांची स्पर्धा म्हणजे काय, हे जगात मुंबईइतके कुणी अनुभवले नसेल. युरोपियन विरुद्ध पारशी असे क्रिकेटचे सामने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. १९०७ साली हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा, आणि चौरंगी स्पर्धा उभी राहिली. १९३७ साली पाचवा संघ आला. त्यात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा सगळ्यांना एकत्र घातले होते. त्या संघाला नाव मिळाले ‘द रेस्ट’. म्हणजे उरलेले. धर्माच्या नावाने माणसे मोजायला बसले की, आपल्यासारख्या लहान समाजाच्या वाट्याला कोणता शब्द येतो तो पाहा: उरलेले!

या उरलेल्यांच्या संघातून आपल्या सांगलीचा एक ख्रिस्ती खेळाडू खेळत असे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालचा. घराणे प्रॉटेस्टंट, पण अभिमान आपल्या सर्वांचा. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न मैदानावर हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात ‘द रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे बंधू विवेक हजारे यांनी दुसऱ्या बाजूने २१ धावा करीत ३०० धावांची भागीदारी साथीला दिली. आणि तरीही संघ हरला. एवढा मोठा खेळाडू, पण त्याला साथ देण्यापुरती माणसे उरलेल्यांत नव्हती.

आता दुसरे चित्र पाहा. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हेच हजारे होळकर संघाविरुद्ध खेळले. त्यांच्या जोडीला होते गुल महंमद. हजारे २८८, गुल महंमद ३१९. दोघांची भागीदारी ५७७ धावांची. कोणत्याही गड्यासाठीचा तो विश्वविक्रम २००६ सालापर्यंत टिकला. महिना लक्षात घ्या. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता, पंजाब पेटला होता, आणि बडोद्यात एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान एकाच संघासाठी धावा काढत होते. बडोदे जिंकले. धर्मवार स्पर्धेत एकाकी झुंजलेला माणूस प्रादेशिक संघात जोडीदार मिळताच विश्वविक्रम करतो, यापेक्षा आणखी स्पष्ट पुरावा कोणता हवा? महात्मा गांधींनी १९४० सालीच धर्मवार सामन्यांना विरोध दर्शवला होता. १९४६ नंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. तिच्यासाठी आज कुणी अश्रू ढाळत नाही. मग जे मुंबईने मोडीत काढले ते आपण चर्चच्या आवारात पुन्हा का जिवंत करावे?

फुटबॉलचे उदाहरणही हाताशी आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. पायात बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जी यांच्या. ते ख्रिस्ती होते आणि मिशनच्या महाविद्यालयात शिकवत. दहा अनवाणी हिंदू सहकाऱ्यांनी त्या बूटवाल्याला परका मानले नाही आणि त्यांनीही स्वतःला परके मानले नाही.

नियमाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते मी टाळणार नाही. पहिला मुद्दा: बाहेर आपल्या मुलांना डावलले जाते, म्हणून आपले वेगळे व्यासपीठ हवे. डावलले जाते, हे खरे आहे. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांनी जातीमुळे गावाबाहेरचे जिणे सोसले आहे. ते दुःख हलके लेखणारा मी नव्हे. परंतु ज्याला वेशीवर अडवले गेले, त्यानेच आपली वेस बांधावी काय? आणि वेगळ्या व्यासपीठाने डावलणे थांबते काय? आपल्याच चौघांशी खेळून जिंकलेला चषक तालुक्याच्या निवड समितीला काहीही सांगत नाही. पिंपळगावच्या, निफाडच्या, ओझरच्या तगड्या संघांना हरवून आलेला मुलगा मात्र कुणालाही डावलता येत नाही.

दुसरा मुद्दा: सणाच्या निमित्ताने आपली कुटुंबे एकत्र यावीत. यावीतच. पण एकत्र येण्यासाठी मिस्सा आहे, नोव्हेना आहे, सहभोजन आहे. फुटबॉल हा सामना आहे. त्याला समोर कुणीतरी दुसरे लागते. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या भागात ‘फक्त कॅथलिक’ म्हटले की, अंतिम सामना दोन मामेभावांत होतो आणि पंच त्यांचा काका असतो!

तिसरा मुद्दा अधिक गंभीर: दार उघडले की पैसे घेऊन खेळणारे बाहेरचे खेळाडू येतात, भांडणे होतात, सणाचे पावित्र्य जाते. ही भीती रास्त आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयांनाही शंभर वर्षांपूर्वी याच रोगाने ग्रासले होते. आज या महाविद्यालयाकडून, उद्या त्या महाविद्यालयाकडून भाड्याने खेळणारे खेळाडू तेथे होते. पण त्यावर उपाय कोणता? भाड्याचा खेळाडू कॅथलिकही असू शकतो. दाखला त्याच्याही खिशात असतो. बाप्तिस्मा हा कृपेचा संस्कार आहे. त्याला प्रवेशपत्राचा शिक्का बनवणे हा त्या संस्काराचाच अवमान आहे, असे मी नम्रपणे पण ठामपणे म्हणतो.

ख्रिस्तसभा याबाबत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हेटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात खेळांचा उल्लेख आहे, आणि तो भिन्न वर्गांच्या, देशांच्या, वंशांच्या माणसांत बंधुभाव वाढवण्याचे साधन म्हणून आहे. आपल्या मराठी परंपरेचा आरंभ तरी कुठला? इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर स्टीफन्स या मातीत आले, येथली भाषा शिकले, येथल्या ओवीत उतरले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून निघाले. ते दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळले म्हणूनच आज आपण मराठीत प्रार्थना करतो.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. येत्या सणाच्या पत्रकांतून हा नियम काढून टाकावा. त्याच्या जागी दुसरे नियम घालावेत आणि ते कडकपणे पाळावेत. खेळाडू त्या गावचा रहिवासी किंवा त्या शाळेचा विद्यार्थी असावा. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्याने द्यावा. पैसे घेऊन खेळणाऱ्याला आणि शिवीगाळ करणाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, बाहेर काढावे. पंच बाहेरचा असावा. बक्षिसाच्या रकमेतला निम्मा भाग चेंडू आणि जाळी यांवर खर्च व्हावा. मुलींचा एक तरी सामना व्हावा. आणि आपल्या धर्मग्रामाच्या संघाने वर्षातून निदान चार सामने दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळावेत. हार्पर यांच्यासारखी पत्रे लिहावीत, आज तर त्यासाठी टपालाचे तिकीटही लागत नाही.

आमची मुले अजून खेळतात. संध्याकाळी लिलाव संपून ट्रॅक्टर निघून गेले की, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे ठेवून गोल होतो. परवा मी तेथे उभा असताना आमच्या गोलरक्षकाने विचारले, ‘‘काका, यंदा नाताळला जायचं का तिकडे?’’ मी म्हणालो, ‘‘बघू.’’ वडीलधाऱ्यांचे ‘बघू’ म्हणजे काय, हे मुलांना कळते. त्याने चेंडू उचलला आणि तो पुन्हा विटांमध्ये जाऊन उभा राहिला.

त्या ‘बघू’ची मला लाज वाटते. यंदा त्याला ‘चल’ म्हणता यावे, एवढे तरी आपण सर्वांनी मिळून करू या.